दुबळा शेख कुणी घडवला?

बहरीनचे शेख ईसा बिन अली १८६९ मध्ये गादीवर आले आणि १९३२ मध्ये वारले. यातली शेवटची नऊ वर्षं ते नावापुरतेच शासक होते, कारण १९२३ मध्ये इंग्रजांनी कारभार त्यांच्याकडून काढून त्यांच्या मुलाकडे दिला. ती वजा केली तरी प्रत्यक्ष सत्तेची चौपन्न वर्षं उरतात. आखातात त्या काळात इतकी वर्षं सलग गादी सांभाळणारे फार थोडे. आणि तरीही त्यांच्याबद्दलचं लिखाण वाचायला घेतलं की बहुतेक ठिकाणी एकच माणूस भेटतो: चांगल्या मनाचा पण ढिला, नातलगांना आवर घालू न शकणारा, म्हातारपणी हट्टाला पेटलेला शेख.

हे चित्र खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण ते अपुरं आहे आणि सोयीचं आहे. कुणाच्या सोयीचं, आणि त्यात कोण गाळलं जातं, हे या लेखात सांगायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

बहरीन हे आखातातलं एक छोटंसं द्वीपराष्ट्र. १७८३ मध्ये अल खलिफा घराण्याने ते जिंकून घेतलं. हे सुन्नी, टोळीवाले लोक. बेटावर आधीपासून राहणारे, खजुराच्या बागा कसणारे शेतकरी मुख्यतः शिया. त्यांना बहारना म्हणतात. उत्पन्नाचं मोठं साधन म्हणजे मोती. उन्हाळ्यात शेकडो होड्या समुद्रात जायच्या, पाणबुडे तळातून शिंपले काढायचे, आणि त्यातले उत्तम मोती शेवटी मुंबईच्या बाजारात यायचे. बहरीनमध्ये व्यवहार चालायचा तो आपल्या रुपयात. तिथल्या होडीचा मालक किंवा कप्तान म्हणजे नाखुदा. आपल्या कोकणातला नाखवा हा त्याच शब्दाचा भाऊ.

इंग्रजांचा संबंध आला तो समुद्रमार्गामुळे. आखातातला त्यांचा मुख्य अधिकारी, रेसिडेंट, इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला बसायचा, आणि १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता. म्हणजे बहरीनच्या शेखाचं काय करायचं याचा पत्रव्यवहार बुशहर, मुंबई आणि कलकत्ता असा फिरायचा. १८६१ च्या करारात बहरीनच्या शेखाने समुद्रावर लढाया करणार नाही असं लिहून दिलं आणि बदल्यात समुद्राकडून होणाऱ्या हल्ल्यापासून संरक्षण मिळवलं. १८६७ मध्ये त्याच शेखाने, म्हणजे ईसांचे काका मुहम्मद बिन खलिफा यांनी, अबू धाबीच्या मदतीने दोहा लुटलं. करार मोडला म्हणून रेसिडेंट लुईस पेली युद्धनौका घेऊन आला. मुहम्मद पळाले आणि त्यांचे भाऊ अली गादीवर आले. पुढच्याच वर्षी मुहम्मद आणि त्यांच्या साथीदारांनी परत हल्ला करून अलींना ठार केलं. पेली पुन्हा आला. दावेदारांना कैद करून त्याने हिंदुस्थानात पाठवलं आणि मृत अलींचा मुलगा ईसा, वय साधारण एकवीस, याला कतारच्या बाजूने बोलावून गादीवर बसवलं.

इथे एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी. हाच लुईस पेली पाच वर्षांनी बडोद्यात दिसतो. १८७४ च्या अखेरीस रेसिडेंट फेअर याच्या जागी तो बडोद्यात आला, १८७५ च्या जानेवारीत त्याने मल्हारराव गायकवाडांना अटक केली, आणि एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आलं. विषप्रयोगाच्या आरोपावर चौकशी आयोगाचं एकमत झालं नव्हतं, म्हणून आदेशात कारण दिलं गेलं ते गैरवर्तन आणि कुप्रशासनाचं. हा शब्द, कुप्रशासन, पुढे आपल्याला बहरीनमध्ये पुन्हा भेटणार आहे.

तीन गोष्टी, एक शेख

ईसांचं आयुष्य ढोबळमानाने तीन प्रकारे सांगितलं गेलंय.

पहिली गोष्ट सरकारी. तिचा पाया म्हणजे जे. जी. लॉरिमरचं पर्शियन आखाताचं गॅझेटिअर. भौगोलिक भाग १९०८ चा, ऐतिहासिक भाग १९१५ चा, कलकत्त्यात छापलेला, दोन्ही मिळून पाच हजारांच्या आसपास पानं. आखातावर काम करणारा कुणीही त्याच्यावाचून पुढे जाऊ शकत नाही, मीही नाही. लॉरिमरच्या लेखी बहरीनचा कारभार म्हणजे सैल, विस्कळीत प्रकार: शेखाच्या नातलगांनी बेटाचे तुकडे वाटून घेतलेले, जो तो आपापल्या तुकड्यावर राजा. निरीक्षण म्हणून हे बरोबरच आहे. पण गॅझेटिअर हे अधिकाऱ्यांसाठी लिहिलेलं हातपुस्तक होतं, आणि अधिकाऱ्याला जो प्रश्न पडतो त्याचंच उत्तर त्यात आहे: या माणसाकडून काम कसं करून घ्यायचं? 'हा माणूस असा का वागतो' हा प्रश्न तिथे फारसा येत नाही.

दुसरी गोष्ट सुधारणांची. तिच्यात ईसा म्हणजे अंधार आणि १९२३ म्हणजे पहाट. १९२६ मध्ये सल्लागार म्हणून आलेला आणि तीसेक वर्षं बहरीनचा कारभार प्रत्यक्षात चालवणारा चार्ल्स बेलग्रेव्ह याची आठवणींची वही १९६० मध्ये आली. तिचा सूर हाच. फरक इतका की बेलग्रेव्हने जो ईसा पाहिला तो सत्ता गेलेला म्हातारा होता. मानववंशशास्त्रज्ञ फुआद खुरी यांचं 'ट्राइब अँड स्टेट इन बहरीन' (१९८०) हे पुस्तक कितीतरी खोल आहे. वतनासारख्या जमिनी, शेखांचे शस्त्रधारी हुजरे, वेठ, शिया शेतकऱ्यांवरचा डोईपट्टीसारखा कर, या सगळ्याची रचना त्यांनी उलगडून दाखवली आहे. पण त्यांच्याकडेही मोठी रेघ तीच राहते: आधी टोळी, मग राज्य.

तिसरी गोष्ट घराण्याची आणि राष्ट्रवाद्यांची. तिच्यात ईसा म्हणजे अर्धं शतक शांतता देणारे वडीलधारे, ज्यांच्यावर परक्यांनी अन्याय केला पण ज्यांनी शेवटपर्यंत राजीनाम्यावर सही केली नाही. सही केली नाही हे खरंच आहे. म्हणूनच मुलगा हमद १९३२ पर्यंत कागदोपत्री नायबच राहिला.

आता गंमत अशी की पहिल्या दोन गोष्टी आणि तिसरी एकमेकींच्या विरोधात दिसतात, पण एका बाबतीत तिघींचं एकमत आहे. संरक्षण हे त्यांच्या लेखी बाहेरचं कवच आहे. कवचाच्या आत शेख जो होता तो होता: एकीच्या मते ढिला, दुसरीच्या मते जुनाट, तिसरीच्या मते थोर. कवचाने आतल्या माणसाचं आणि त्याच्या सत्तेचं काय केलं, हा प्रश्न सुटून जातो.

संरक्षणाने काय काय काढून घेतलं

टोळीच्या राजकारणात वाईट शेखाला वठणीवर आणायचे दोन रस्ते होते. एक, भाऊबंदांपैकी कुणीतरी उठून त्याची जागा घेई. दोन, नाराज टोळ्या होड्या, गुलाम, पाणबुडे असा सगळा बारदाना उचलून समोरच्या किनाऱ्यावर निघून जात. मोत्यांच्या अर्थव्यवस्थेत हा दुसरा रस्ता फार जबर होता, कारण माणसं आणि होड्या गेल्या की उत्पन्नही गेलं. शेखाला त्यांची मनधरणी करायला जावं लागे. हे लोकशाहीचे रस्ते नव्हते, रक्तही सांडायचं, आणि शेतकऱ्यांना तर ते मोकळे नव्हतेच. पण शेखावर वचक होता.

पहिला रस्ता १८६९ मध्ये बंद झाला. इंग्रजांनी बसवलेल्या शेखावर समुद्रातून हल्ला करणं म्हणजे इंग्रज युद्धनौकांशी गाठ. विसाव्या शतकाच्या तोंडावर हमदला वारस म्हणून मान्यता मिळाली आणि बाकीच्या भाऊबंदांची आशाही संपली.

दुसरा रस्ता कसा बंद झाला त्याचं उदाहरण १८९५ चं. अल बिन अली ही टोळी शेखाशी भांडून बहरीन सोडून गेली आणि कतारच्या किनाऱ्यावर झुबारा इथे वसू लागली. कतारच्या शेखाचा आणि तुर्कांचा तिला पाठिंबा होता. हल्ल्याची तयारी चालू आहे असा संशय इंग्रजांना आला आणि त्यांच्या युद्धनौकांनी झुबाऱ्यासमोर नांगरलेल्या चाळीसहून अधिक होड्या उद्ध्वस्त केल्या. सरकारी इतिहासात हा प्रसंग बहरीनच्या बचावाचा म्हणून येतो. तो तसा आहेही. पण दुसऱ्या बाजूने वाचलं तर त्या दिवशी बहरीनमधल्या प्रत्येक टोळीला एक गोष्ट कळली असणार: निघून जाण्याची धमकी आता पूर्वीसारखी चालणार नाही.

म्हणजे शेखाला आता ना भावाची भीती, ना टोळीची. मग नातलगांना आवर घालायचं कारणच काय उरलं? उलट त्यांना खूश ठेवणं सोपं होतं: प्रत्येकाला बागांचा एकेक तुकडा, तिथले शेतकरी त्याच्या मर्जीवर. लॉरिमरला जो विस्कळीतपणा दिसला तो काही अंशी या सुरक्षिततेचं फळ होता असं माझं मत आहे. वतनाची पद्धत इंग्रजांच्या आधीची, हे खरं. पण तिच्यावरचा उरलासुरला वचक संरक्षणाने काढून टाकला.

आणि त्याच वेळी शेखाच्या हातातली खरी साधनंही एकेक करून जात होती. १८८० च्या करारात दुसऱ्या कुठल्याही सत्तेशी परस्पर बोलायचं नाही असं ठरलं. १८९२ मध्ये जमीन कुणाला द्यायची, विकायची, गहाण टाकायची नाही असं ठरलं. १९०० मध्ये मनामात कायमचा इंग्रज प्रतिनिधी बसला आणि १९०४ मध्ये पोलिटिकल एजंट आला. त्याच सुमारास शेखांचा पुतण्या अली बिन अहमद याच्या माणसांनी एका जर्मन पेढीच्या नोकरावर आणि इराणी लोकांवर हल्ले केले. १९०५ मध्ये पर्सी कॉक्स युद्धनौका घेऊन आला आणि पुतण्याची रवानगी शेवटी मुंबईला झाली. १९०९ मध्ये परदेशी लोकांवरचा न्यायाधिकार एजंटकडे गेला. १९१३ च्या राजाज्ञेने त्याला कायद्याचं रूप दिलं आणि ती १९१९ पासून लागू झाली.

आता मनामा कसं होतं ते पाहा. नेलिडा फुक्कारो यांचं मनामावरचं पुस्तक (२००९) वाचलं की कळतं, हे बंदर म्हणजे इराणी, नज्दी, बहारना, हिंदू बनिये अशा अनेकांचं गाव. म्हणजे 'परदेशी' म्हटलं की बाजारातला मोठा हिस्सा आलाच. तो शेखाच्या कचेरीतून बाहेर पडला. उरलं काय? खजुराचे बागायतदार, पाणबुडे आणि जकात. जकातीचा मक्ता हिंदुस्थानी बनियांकडे असे. ती इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती द्या असा तगादा वर्षानुवर्षं चालला आणि ईसा नाही म्हणत राहिले. कागदपत्रांत याला हट्ट म्हटलंय. ज्याच्याकडे स्वतःचं म्हणून एवढंच रोख उत्पन्न उरलंय त्याने ते सोडायला नकार देणं, याला मी हट्ट म्हणणार नाही.

मग तक्रारी खोट्या होत्या का?

नाही. आणि इथेच तिसऱ्या, राष्ट्रवादी गोष्टीवर माझा आक्षेप आहे.

१९२१ मध्ये मेजर डेली एजंट म्हणून आला आणि त्याने शेखांच्या कारभाराविरुद्ध, विशेषतः धाकटा मुलगा अब्दुल्लाविरुद्ध, अहवालांचा धडाका लावला. त्याच वर्षाच्या अखेरीस बहारना पुढाऱ्यांनी रेसिडेंटकडे अर्ज केला: आमच्यावर जुलूम होतो, आम्हाला संरक्षण द्या. राष्ट्रवादी मांडणी या अर्जाकडे पाहून सांगते, हे तर एजंटने घडवून आणलेलं. डेलीला तो अर्ज सोयीचा होता यात शंका नाही. शिवाय इराण बहरीनवर हक्क सांगत होता, शियांच्या छळाबद्दल इराणी वृत्तपत्रांत ओरड चालली होती, आणि इंग्रजांना आपण जुलमी शेखाचे रखवालदार दिसतोय याची लाज वाटायला लागली होती. १९२३ मागे ही सगळी कारणं आहेत.

पण अर्ज कुणाला सोयीचा होता यावरून तो खरा की खोटा हे ठरत नाही. वेठ खरी होती. शेतकऱ्याचं गाढव रस्त्यात धरून शेखाच्या कामाला जुंपणं खरं होतं. सुन्नी टोळीवाल्यांना माफ असलेला कर बहारनांना भरावा लागायचा, हे खरं होतं. पाणबुड्याला हंगामाआधी मिळणारी उचल आणि ती कधीच न फिटणं, बाप मेला की कर्ज मुलाच्या डोक्यावर येणं, हेही खरं होतं. उचल म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराच्या घरात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. या लोकांना भावाची बंडखोरी किंवा टोळीचं स्थलांतर असले रस्ते कधीच मोकळे नव्हते. त्यांना दार दिसलं ते एजन्सीचं, आणि त्यांनी ते ठोठावलं. त्यांना इंग्रजांचे हस्तक म्हणणं म्हणजे त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणं.

१९२३ च्या मे महिन्यात मनामात नज्दी आणि इराणी लोकांत दंगल झाली. तिचं निमित्त झालं. प्रभारी रेसिडेंट नॉक्सने २६ मे रोजी दरबार भरवून हमदच्या हाती सगळे अधिकार दिल्याचं जाहीर केलं. पंचाहत्तरीच्या आसपासचे ईसा मानेनात, तरी झालं. सुधारणा आल्या: वेठ आणि तो कर गेला, जमिनींची मोजणी झाली, पाणबुड्यांच्या हिशेबाच्या वह्या सक्तीच्या झाल्या, राजघराण्याला ठराविक नेमणूक बांधून दिली गेली. बहारना शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मोठा बदल होता आणि तो तसाच नोंदवला पाहिजे.

पण पहाटेची गोष्ट इथे जे गाळते तेही नोंदवू. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुन्नी प्रतिष्ठितांनी सभा घेतली आणि मागण्या मांडल्या. ईसांना परत अधिकार द्या ही एक होतीच, पण देशाचा कारभार पाहायला सल्लागार मंडळ हवं, पाणबुड्यांच्या कज्ज्यांसाठी न्यायालय हवं, एजंटने अंतर्गत कारभारात हात घालू नये, अशाही मागण्या होत्या. यांना प्रतिगामी म्हणून निकालात काढलं जातं, आणि त्यांच्यातल्या काहींना बहारनांच्या समानतेचं वावडं होतं हे मान्यच आहे. तरी शासकाला सल्लागार मंडळाच्या बंधनात ठेवा हा विचार बहरीनमध्ये मांडला गेला तो या लोकांकडून. उत्तर काय मिळालं? अब्दुल वहाब अल झयानी आणि अहमद बिन लाहिज या दोघा पुढाऱ्यांना हिंदुस्थानात हद्दपार करण्यात आलं.

दवासिर टोळीने जुना रस्ता धरला. ती बहरीन सोडून समोर इब्न सौदच्या मुलखात दम्मामला गेली. आणि ज्यांच्यासाठी सुधारणा केल्याचं सांगितलं जातं त्या पाणबुड्यांनीच १९२६ मध्ये आणि १९३२ मध्ये, उचल कमी केली म्हणून, दंगे केले. नव्या राज्याने कर्जाला शिस्त लावली, पण हंगाम संपल्यावर घर कशावर चालवायचं याचं उत्तर दिलं नव्हतं.

तर मग कसं वाचायचं?

जेम्स ऑन्ली यांनी आखाती राजकारणातल्या संरक्षणाबद्दल महत्त्वाचं काम केलं आहे. त्यांच्या मते आखातातले शेख संरक्षण मागत होते. ते त्यांच्याच राजकारणाच्या भाषेतलं होतं: दुबळ्याने बलवानाचा आश्रय घ्यायचा आणि बदल्यात त्याचं ऐकायचं. इंग्रजांनी सगळं लादलं या समजुतीला हा चांगला उतारा आहे. मला त्यात एक जोड द्यावीशी वाटते. आश्रय घेताना करार दोघांत होतो, रेसिडेंट आणि शेख. शेतकरी आणि पाणबुडा त्यात नसतो, पण किंमत तोच चुकवतो. शेखावरचा वचक जातो तो त्याच्या पाठीवर. पन्नास वर्षांनी आश्रयदाताच त्याची पाठ दाखवून म्हणतो, बघा, किती वाईट शेख आहे हा.

बडोद्याची आठवण मी म्हणूनच काढली होती. मल्हारराव आणि ईसा यांची तुलना फार ताणता येणार नाही. गादी मिळाली कशी, मुलूख किती, आरोप कसले, सगळंच वेगळं. पण वाचनाची पद्धत तीच लागते. कुप्रशासन हा शब्द कागदावर दिसला की दोन प्रश्न एकदम विचारायचे: जुलूम झाला का, आणि जुलूम करणाऱ्याला इतकी वर्षं कुणाच्या भरवशावर जमलं? पहिला प्रश्न विचारून थांबलं की आपण डेलीचे कारकून होतो. दुसराच विचारला की घराण्याचे भाट होतो.

ईसा बिन अलींचं पूर्ण चरित्र कुणी लिहायला घेतलं तर मला त्यात गादीइतकीच जागा झुबाऱ्यासमोरच्या होड्यांना, रस्त्यात धरलेल्या गाढवांना आणि उचलीच्या वह्यांना दिलेली आवडेल. मोत्यांचा धंदा जपानी कृत्रिम मोत्यांनी आणि जागतिक मंदीने कोलमडत असताना, १९३२ च्या मध्यावर, बहरीनमध्ये तेल सापडलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शेख वारले. पुढच्या राज्याला टोळ्यांची मनधरणी करायची गरज राहिली नाही आणि पाणबुड्यांचीही फारशी नाही. पुढच्या लेखात त्या उचलीच्या वह्यांबद्दल, म्हणजे १९२० च्या दशकातल्या पाणबुडी कायद्याबद्दल, सविस्तर लिहीन.